रोहिणीचा रिकामा डबा

रविवार, संध्याकाळ. नालवाडी

रोहिणीने आज माझा डबा रिकामा परत केला. घासून, लख्ख पुसून.

कारंज्याची ही पोर नर्सिंग शिकायला आली आणि माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. ड्युटीच्या सकाळी धावपळ नको म्हणून दर रविवारी माझ्याच ओट्यावर आठवड्याचं जेवण आखायची. मटकी मोडासाठी बांधायची, पालक निवडून ठेवायची. मी डब्यातून जवसाची चटणी द्यायची. डबा परत येताना त्यात मूठभर मोड तरी असायचेच. रिकामं भांडं परत देऊ नये, हे तिच्या आईनं शिकवलेलं. आज मात्र तो नेम मोडला. घाईत.

हे गेल्यापासून मी रात्री चहा-टोस्टवर भागवत होते, तेही तिनंच पकडलं. "काकू, मले सांगता भाज्या खा, अन् तुम्ही काऊन टोस्ट बुडवून राह्यल्या?" तेव्हापासून तिच्या आखणीत माझंही ताट आलं.

उद्या ती हैदराबादला नोकरीवर जाणार. "सारं सामान बांधलं ना काकू, डब्यात टाकाले काहीच नाई उरलं," म्हणाली आणि हसली. मीही हसले. का हसले?

मग चटणी कुटली, तोच डबा भरून तिच्या पिशवीत ठेवला. "परत आणून देजो."

"आणीन ना काकू."

इतक्या लांबून एका डब्यासाठी कोण येतं?

आत्ता एकटीपुरता पालक निवडायला घेतला होता. अर्ध्यात उठले आणि चहाचं आधण ठेवलं.