माळढोकाचा दुसरा पंख

११ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे धाराशिवला! कॉलेजात छापचित्रं शिकवायची आणि राहायला वर्कशॉपमागच्याच दोन खोल्या. माझी सहा वर्षांची आरोही लगेच लिंबाखाली खेळायला पळाली. झाडलोट करणाऱ्या हरणाबाईंनी भाकरी नि शेंगाची चटणी आणून दिली.

कपाटात माझ्या आधी इथं शिकवणाऱ्या शिवानंद सरांची जस्ताची प्लेट सापडली. सर गेल्या वर्षी वारले. माळढोक कोरलाय. एक पंख पीसन्‌पीस खरा, दुसरा नुसत्या सरळ रेघा नि त्रिकोण. जुनं-नवं काय तोललंय! पण वर दोन तिरपे ओरखडे. पुन्हा कुणी छापू नये म्हणून चित्रकार प्लेट अशी बाद करतो. बाद प्लेट छापायची नसते, हे मीच पोरांना शिकवत आले. पण एक प्रत काढली तर काय आभाळ कोसळणार आहे?

१३ नोव्हेंबर
काढलीच. हरणाबाई नगं नगं म्हणत होत्या, पण मी कसली ऐकते! प्रेसचं चाक आरोहीनं फिरवलं. लई खूश होती. प्लेटवर ओरखडे तसेच आहेत, कागदावर मात्र एकही नाही. शाई जास्त झाली असेल.

१५ नोव्हेंबर
प्रतीत दुसऱ्या पंखावरही पिसं आलीत. काल नव्हती, देवाशपथ. आणि आरोहीच्या भुवया गेल्यात. डॉक्टरांनी केस गळायची चाई म्हणून मलम दिलं. घरी येऊन तिचा तळहात बघितला. एक रेघ नाही त्यावर, ताटलीसारखा गुळगुळीत.

१६ नोव्हेंबर
हे त्या प्रतीचंच, म्हणून प्लेट पुन्हा ओरखडून बाद करायला घेतली. हरणाबाईंनी हात धरला. म्हणाल्या, सरांच्या बायकोनं, रुद्रम्मा वहिनींनी, असंच चाक फिरवलं होतं. त्यांचं तोंड पुसलं जाया लागलं म्हणून सरांनी प्लेट बाद केली. त्याच घटकेला वहिनींच्या अंगावर दोन तिरप्या जखमा — त्यातच वहिनी वारल्या. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. त्या म्हणाल्या, तुमी येडी म्हणला असता.

१७ नोव्हेंबर
आरोहीचं नाक सपाट. ओठांची एक रेघ. बोलता येईना लेकराला.
चित्रात माळढोकाचा डोळा ओला, पापण्यांसकट. तिचा आहे तो —
चाक फिरवेल त्याचं जातं. मग माझं घे ना मेल्या, तिचं परत दे!

१७, दुपार
फिरवलं. एकटीनं.
भुवया आल्या तिच्या! ओठ — हसली माझी बाय —
माझी बोटं एकमेकांना चिकटतायत. पेन धरवत —
आरोही बघतेय माझ्याकडं. मागं सरकली. हरणाबाईंच्या पदराआड. रडतेय. विचारतेय, ही कोण, माझी आई कुठंय —
मी सांगतेय गं, पण तोंड —