भेरूजीचं वळण

अण्णा, ट्रॅक झाला. सगळे त्याला ट्रॅकच म्हणतात. नाल्याच्या कडेनं, आपल्या सुदामा नगरच्या मागून निघतो, पुलियापाशी, त्या छोट्या पुलाजवळ, मोठ्या रस्त्याला येऊन चिकटतो आणि मग कठड्याच्या आतून पलीकडच्या वस्त्यांपर्यंत जातो. एका बाजूला चालणाऱ्यांसाठी फरशी, दुसऱ्या बाजूला सायकलींसाठी लाल पट्टी. शाळेच्या मुली तिथून जातात, कामाच्या बाया जातात, गुडघे दुखणारे रिटायर्ड लोक जातात, आणि ज्यांचं काहीच दुखत नाही ते कानात गाणी घालून धावतात. तुम्ही सायकल गेटाला टेकवून पँटची क्लिप काढता काढता म्हणायचात, "या शहरात गाईला रस्ता आहे, सायकलवाल्याला नाही." आता आहे. सगळीकडे नाकासमोर जातो, फक्त एका जागी वळतो. पुलियाच्या जरा अलीकडे, काही कारण नसताना, चांगला आत सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. नव्या माणसाला वाटतं, ठेकेदाराचं काहीतरी चुकलं. ते वळण तुमच्यामुळे आहे, आणि तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

मी आता तुमच्याहून वयानं मोठी आहे. तुम्ही ज्या वयात गेलात ते मी केव्हाच मागे टाकलं, आणि तरी तुम्हाला अहोजाहोच करते आहे, याचं कधी कधी हसू येतं. तुम्ही गेलात ती थंडीची संध्याकाळ होती. शाळा सुटल्यावर कुणीतरी भिंग आणि आरशाचं काही विचारलं असणार आणि तुम्ही फळ्यापाशी पुन्हा उभे राहिला असणार, कारण तुम्ही रोजच उशिरा यायचात. आई पोळ्या करत होती. आधी शेजारचे आले, मग तुमच्या शाळेतले एक सर आले, आणि कुणीच आत येऊन बसेना, तेव्हा आईनं गॅस बंद केला. पुलियाच्या अलीकडे मागून गाडी आली होती. ट्रॉली होती की छोटा ट्रक, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सायकल दुरुस्त होण्यासारखी होती, तुम्ही नव्हतात. आईला ती जागा पाहू दिली नाही. दिवस झाले, तेरावा झाला, सगळे आपापल्या गावी गेले, आणि मग एका सकाळी आई वरवंटा पदरात गुंडाळून घराबाहेर पडली.

वरवंटाच का, हे मी तिला तेव्हा विचारलं. म्हणाली, "उभा राहतो, आणि कुणी चोरून नेत नाही." एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. तिचं मनगट दुखायला लागल्यापासून रविवारची चटणी तुम्हीच वाटायचात. बनियनवर, पाटावर बसून, शेंगदाणे आणि लसूण, आणि वाटता वाटता मला घर्षण शिकवायचात. पुढे मिक्सर आला तरी रविवारी तुम्ही पाट्यापाशीच बसायचात. तुमच्या तळव्यानं तो दगड एका बाजूला गुळगुळीत झाला होता. आईनं तो रस्त्याकडेला मातीत उभा रोवला, वर एक कुंकवाचं बोट लावलं आणि खाली पणती ठेवली. तिला तुमच्यासाठी दिवा लावायला ती जागा हवी होती, बाकी काही नाही.

मग जे झालं ते माळव्यातच होऊ शकतं. महिनाभरात आई एकदा दिवा लावून परत आली ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, त्यांना कुणीतरी चोला चढवलाय." मी पाहायला गेले. वरवंटा शेंदरानं माखलेला, त्यावर चांदीचा वरख, पुढे फोडलेला नारळ आणि अर्धी जळलेली उदबत्ती. सोयाबीनची ट्रॉली घेऊन मंडीत जाणारा कुणीतरी थांबला असणार. रस्त्याकडेला काळा उभा दगड, त्याला कुंकू, त्यापुढे दिवा, म्हणजे भेरूजी, इकडचा भैरव. इथे याहून जास्त पुरावा कुणाला लागतो? त्या दिवशी तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा आई हसली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसली. "देवाला कधी हात जोडले नाहीत या माणसानं," म्हणाली, "भोगा म्हणावं आता." पुढे कुणीतरी, भेरूजीला चालते म्हणून, दारूची बाटली वाहिली, तेव्हाही आम्ही हसलो. चहासुद्धा अर्धा कप घेणारे तुम्ही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. तुम्हाला एकच घाव पुरला.

पण मला हसताना एक दिवस आठवत होता. मी बोर्डाच्या पेपरला निघाले होते, तुमच्या सायकलवर मागे बसून. चौकातल्या शेंदराच्या दगडाशी मी तुम्हाला थांबवलं आणि उतरून डोकं टेकलं. शाळेच्या फाटकाशी मला उतरवलंत आणि मग म्हणालात, "पेपर तू लिहिणार आहेस की तो? ठरवून घे, म्हणजे मला निकाल कुणाचा बघायचा ते कळेल." मला रडू आलं होतं. तुम्ही खिशातून रुमाल काढून दिलात, पण शब्द मागे घेतला नाहीत. त्या रागावण्याचा मला अजून राग येतो आणि अभिमानही वाटतो. म्हणून शेंदरातले तुम्ही मला पाहवत नव्हतात. आपल्याच माणसाला कुणीतरी भलतेच कपडे घातलेत, आणि तो बोलू शकत नाही, असं वाटायचं.

दगडाला छोटा ओटा झाला. ओट्यावर पत्रा आला. कुणीतरी चांदीचे डोळे आणून चिकटवले. त्या डोळ्यांनंतर आईनं एकटीनं जाणं सोडलं. मोठ्या रस्त्यावरून जाणारे ड्रायव्हर तिथे आले की एकदा हॉर्न वाजवतात, भेरूजीला सलाम म्हणून. पहाटे वारा तिकडून असला की तो हॉर्न आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आई हातातलं काम थांबवते. इतकी वर्षं झाली तरी थांबवते. एकदाच मला म्हणाली होती, "त्या दिवशी वाजवला असता तर." एका नवरात्रात मी तिला धरून घेऊन गेले, तर तिथे सेवा करणारी एक बाई ओरडली, "माताजी, चप्पल उतारो, जागृत स्थान है." आई तशीच मागे फिरली. घरी आली, आणि मग म्हणाली, "माझ्या वरवंट्यापुढे मला चप्पल काढायला सांगते." त्यानंतर ती गेलीच नाही. दगड देवाला गेला आणि तुम्हीही त्याच्याबरोबर गेलात, असं आमचं दोघींचं न बोलता ठरून गेलं.

ट्रॅकचं काम पुलियापाशी आलं आणि थांबलं. ओटा बरोबर मधोमध येत होता. मजूर हात लावीनात. सुपरवायझर कॉलनीच्या बागेत आला, आम्ही पाच-सात जण जमलो होतो, आणि तो हात जोडून म्हणाला, "देखो साहब, मशीन वाला बोलता है, मेरे छोटे-छोटे बच्चे हैं. जिसने स्थापना की है वो खुद उठा ले, तो हम इज्जत से दूसरी जगह बैठा देंगे. किसने की है, किसी को मालूम है?" शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अरे भिया, ये तो होलकरों के टाइम का स्थान है." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथेच बसले होते. होळकरांच्या काळातला तो दगड माझ्या लहानपणी चटणीचा होता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "कल बताती हूँ."

घरी येऊन आईला सांगितलं. ती पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे, कान कमी झालेत, पण हे तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं. मग म्हणाली, "सांगून टाक त्यांना. आणि घरी घेऊन ये. पुष्कळ झालं बाहेर राहणं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी चादर आणि पिशवी घेऊन निघाले तेव्हा ती कामवाल्या बाईकडून मागच्या अंगणातला पाटा घासून घेत होती. शेंदूर कशानं निघेल, हे विचारत होती. अण्णा, मी खरंच तुम्हाला आणायला निघाले होते. तुम्हाला पुन्हा माणूस करायचं, एवढंच मनात होतं.

ओट्यापाशी एक बाई बसली होती. नवरा मोटरसायकलवर, दोन्हीकडे दुधाच्या टाक्या. ती कपाळ टेकून इतकी हळू बोलत होती की मी लांबच थांबले. उठली, माझ्या हातातली चादर पाहिली आणि तिला वाटलं मी देवाला वाहायला आणली. सरकून जागा दिली. मी विचारलं, कहाँ से? गौतमपुऱ्याकडची, म्हणाली. "म्हारो घरवालो रोज अंधेरा में इना रस्ता से आवे. ये रस्ता वाला भेरूजी है, बेन. गाडी वाला ने संभाळे. इनका सामने आज तक कोई नी मर्‍यो." ज्या जागी तुम्ही पडलात तिथे ती मला सांगत होती की इथे कुणी मेलं नाही. नवऱ्यानं हॉर्न वाजवला, ती मागे बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेली. मी ओट्यावर बसले. तुम्हाला हात लावला. शेंदराचे इतके थर होते की खाली दगड आहे हेही कळेना.

सुपरवायझर आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "मत उठाओ. रास्ता घुमा लो." तो इतका खूश झाला की मला चहा पाजायला निघाला. मी रिकामी चादर घेऊन घरी आले. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. माझ्या हातांकडे पाहिलं. "आणलं नाहीस?" मी त्या बाईचं सगळं सांगितलं, दोनदा, मोठ्यानं, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही. मला वाटलं रागावेल किंवा रडेल. ती म्हणाली, "ठीक आहे. जिवंत होते तेव्हा तरी घरी वेळेवर कुठे यायचे? कुणी ना कुणी थांबवूनच ठेवायचं." मग उठून आत गेली. घासलेला पाटा दिवसभर उन्हात पडून होता.

आता मी रोज पहाटे ट्रॅकवर जाते. वळणाच्या आधी मागून सायकल येते. फ्रीव्हीलचा तो टिक्‌टिक् आवाज, आणि मी न बघता डावीकडे सरकते. बहुतेक वेळा कुणीतरी मुलगा किंवा मुलगी पुढे निघून जाते, जाता जाता एक हात हँडलवरून काढून कपाळाला लावते. पण कधी कधी मी सरकते आणि कुणीच पुढे जात नाही. मी वळून पाहत नाही. पाहिलं आणि रिकामा ट्रॅक दिसला तर वाईट, आणि दुसरं काही दिसलं तर त्याहून वाईट. तुम्ही शिकवलंत की आवाजाला काहीतरी कारण असतं. असेल. मी ते शोधायला जात नाही, एवढंच.

आई दिवाळीपासून अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं नाही, पण पुढची तारीखही दिली नाही. पेज पाजली तर दोन घोट घेते. हॉर्न वाजला की मात्र डोळे उघडते. तिच्याजवळ बसून मी तुम्हाला आठवायचा प्रयत्न करते आणि घाबरते. भिंतीवर फोटो आहे, त्यात तुम्ही आहात, चष्म्यासकट. पण डोळे मिटले की तुम्ही येत नाही. चांदीचे डोळे येतात.

हे पत्र आज सकाळी मी ओट्यावर ठेवायला नेलं होतं, दगडाखाली सरकवून द्यावं म्हणून. ठेवलं नाही. तिथे ठेवलेलं तुम्हाला मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. घडी करून परत आणलं, आता उशीखाली ठेवणार आहे. पण इतकं सगळं लिहिलं आहे तर तेवढंही लिहिते. पत्र परत पिशवीत टाकताना आजूबाजूला कुणी नव्हतं. मी डोकं टेकलं आणि आईसाठी हा उन्हाळा मागितला. तुमच्याकडे नाही, अण्णा. त्याच्याकडे.