न दिलेल्या कोटाची परीक्षा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे अर्धाच वाकून). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं पथ्य खरंच चालू आहे, की फक्त तुझ्यासमोर?

लॉन्ड्रीत मला सुपरवायझर केल्याचं कळवलं होतंच. पहिलंच काम गळ्यात पडलं ते नव्या बाईंचं. (आधी बसमध्ये कंडक्टर होत्या, अजून गिऱ्हाइकांना 'पुढे सरका' म्हणतात.) त्यांचं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलेलं, आणि कायम करायचं की घरी पाठवायचं हे मी ठरवायचं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, त्यामुळे माझीच झोप उडाली. इस्त्रीमास्तरांना विचारलं, तर त्यांनी नाक मुरडलं: बाईंना कोट जमत नाही. किती कोट बिघडवले, तर एकही नाही. कारण आमच्याकडे रीतच अशी, की प्रोबेशनवरच्या माणसाला रुमाल आणि उशांचे अभ्रे यापलीकडे काही द्यायचं नाही, आणि शेवटी जोखायचं मात्र कोटावरून. मास्तरांनाही असंच जोखलं होतं म्हणे, आणि त्यांचं काही बिघडलं नाही (गिऱ्हाइकांच्या कोटांचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही).

मग मी बाईंना समोर बसवून काय काय बघितलं जाणार ते सांगितलं: कॉलर, खांदे, अस्तर. चूक आमची, म्हणून पूर्ण पगारावर मुदत महिनाभर वाढवून घेतली आणि मास्तरांना शिकवायला लावलं. आता सरावाला कोट कोण देणार? माझा लग्नातला दिला. त्याच्या पाठीवर सध्या इस्त्रीचा तिकोनी ठसा आहे. बाई रडकुंडीला आल्या. म्हटलं, असू द्या, माझी पाठ मला कुठे दिसते? (तुझ्या भावजयीला दिसते, पण तो विषय वेगळा.)

काल मास्तरांनी आपणहून एका डॉक्टरांचा कोट बाईंच्या टेबलावर ठेवला. झाल्यावर उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि मला म्हणाले, "यांना घालवणार असाल, तर यापुढे कोट तुम्हीच करा." बाई कायम झाल्या. ताई, फार बरं वाटतंय.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींचा एखादा जुना कोट पाठव. पुढच्या महिन्यात आणखी एक जण रुजू होतोय. त्याला पहिल्या दिवसापासून कोट द्यायचा आहे.

ता. क. २. सुपरवायझर म्हणून मीही प्रोबेशनवरच आहे, हे लिहायचं राहिलं. मुदत महिनाअखेर संपते. मालक भावोजींचे शाळासोबती, तेव्हा त्यांनी एक शब्द टाकावा. शिफारस मुळीच नको. मला नेमकं कशावरून जोखताहेत, एवढंच विचारावं. मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.