उरलेल्या दोघांचं काय?

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतच आहे). तुमच्या गुडघ्याची सूज आणि ताईचा पारा, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

तुम्ही ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या समितीवर आहात, तिच्यासाठी मी एक फंक्शन सुचवलंय. अगदी साधं. लांबलचक यादी द्यावी, चार-चारचे गट कर म्हणावं, त्याने करून द्यावेत. आमच्या ऑफिसात हे ज्याने त्याने आपापलं लिहिलेलं होतं. प्रत्येकाचं वेगळं आणि प्रत्येकाचं चुकलेलं. म्हटलं, भाषेच्या मूळ भांडारातच एकदाचं नीट बसवू. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय!

प्रस्ताव चर्चेला टाकला मात्र, आणि आग लागल्यासारखे लोक धावून आले. दहा जणांचे चार-चारचे गट केले तर उरलेल्या दोघांचं काय? एक म्हणे, त्यांचा लहान गट करा. दुसरा म्हणे, गाळा. तिसऱ्याने (हा पेशाने तर्कशास्त्राचा मास्तर) शून्य-शून्यचे गट मागितले तर काय, असं विचारून माझी झोप उडवली. मग नावाचा प्रश्न निघाला. आमच्या चिरंजीवांचं नाव ठरवताना दोन्ही घरच्यांनी मिळूनही एवढी भांडणं केली नव्हती.

पण खरी धास्ती पुढेच आहे. उत्साहाच्या भरात मी ऑफिसातल्या सगळ्यांचा तो जुना कोड पुसून टाकला आणि त्या जागी हे अजून जन्मालाही न आलेलं फंक्शन लिहून ठेवलं. (बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच.) भाषेची नवी आवृत्ती रविवारी निघणार आणि सोमवारी आमच्या साहेबीणबाई ग्राहकासमोर काम चालवून दाखवणार. त्या रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "काय हो, आलं का तुमचं ते?" मी "निघालंय" म्हणतो, जसं काही ते रिक्षात बसलंय. घरी सौ. म्हणते, "एवढी जगाची सोय बघायची होती, तर आधी माळा आवरायचात!"

समितीचा नियम तुम्ही जाणताच. एकाचाही आक्षेप शिल्लक असला, तर प्रस्ताव लटकतो. आता फक्त एकच शिल्लक आहे. पण वशिला लावणं माझ्या रक्तात नाही, तेव्हा हा विषय पुरे. ताईला नमस्कार.

तुमचा धास्तावलेला
मेहुणा

ता. क. तो शिल्लक आक्षेप तुमचा आहे. "गरज काय?" एवढंच लिहिलंयत. भाऊजी, परक्यांनी मारलं तर माणूस सोसतो हो! कृपा करून मागे घ्या. ताईला मी अजून काही बोललेलो नाही.

पुन्हा ता. क. पत्र पाठवणार तोच पाहिलं, तुम्ही आक्षेप मागे घेतलाय! (सौ.ने परस्पर ताईला फोन केला होता. ताई तुम्हाला फार बोलली नसेल ना?) प्रस्ताव मंजूर झाला. उपकार झाले. फक्त खाली समितीने लिहिलंय, की ज्याने फंक्शन सुचवलं त्यानेच ते जन्मभर सांभाळायचं आणि जगभरच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. तर्कशास्त्राच्या मास्तरांनी तक्रारींना सुरुवात केलीसुद्धा. भाऊजी, हात जोडतो, आक्षेप तेवढा पुन्हा नोंदवा. ऑफिसचं मी हाताने लिहून टाकतो. त्यात काय आहे? जेवणाआधी होईल.