मुराळ्याची वाट

नागपूर,
१८ जानेवारी १९७६

प्रिय रुख्माताईस,
बेबीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. आपल्या जिमखान्यावर एक तारखेपासून बायकांचे टेनिसचे सामने आहेत. खेळ हाच ज्यांचा धंदा, अशा परदेश फिरून आलेल्या बाया येणार आहेत. दुहेरीत एक जोडी कमी पडली आणि सेक्रेटरीसाहेबांनी तुझं-माझं नाव घातलं! जे कोर्ट बाबा शेणानं सारवतात, जिथे आपण उजाडायच्या आत चोरून खेळायचो, तिथे आता पंच आपली नावं पुकारणार. बाबांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार आहेत. ऐकल्याबरोबर बाबांनी कोटाचं बटण लावायला आईला बसवलं.

दोन वर्षं भाकरी थापून तुझा हात जड झाला असेल, तर होऊ दे. डावा कोपरा तुझाच आहे. तू आली नाहीस तर आपलं नाव खोडतील. ये गं ताई.

माणिकभावजींना आणि तुझ्या सासूबाईंना जयभीम सांग, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बेबी

रिठद,
२२ जानेवारी

चि. बेबीस,
रुख्मिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि चुलीपुढे बसून रडले. यांची ना नाही. पण आत्याबाई म्हणतात की माहेरचा माणूस न्यायला आल्याबिगर सून वेशीबाहेर गेली, तर गाव मले काय म्हणीन? त्यांचंही खोटं नाही. इथे कुठलीच सून मुराळ्याशिवाय माहेरी जात नाही. गेली तर ती भांडून गेली असंच धरतात आणि तिचं परत येणं अवघड होतं.

आपल्याला भाऊ नाही. यायचं तर बाबांनीच. आणि माझ्या लग्नाच्या पंगतीत आत्याबाई त्यांना साहेबांच्या पोरींचे चेंडू वेचणारा म्हणाल्या, तेव्हापासून रिठदचं पाणी पिणार नाही हे त्यांनी धरून ठेवलंय. तरी तू बोलून पाहा. पाया पड. मी शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून पाहिला, हात अजून चालतो गं.
तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
रुख्मा

नागपूर,
२७ जानेवारी

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबा ऐकत नाहीत. मी पाया पडले, आई भांडली, मी जेवण सोडलं. त्यांचं एकच, की त्या बाईच्या ओट्यावर मी बसाचा नाही. सामना रविवारी चार वाजता आहे. कोर्टवर एकटीच धावते आणि डाव्या कोपऱ्यात चेंडू पडला की रडू येतं. ताई, आता काय करू? मला काही सुचत नाही. तूच काही कर.
तुझी वेडी बहीण,
बेबी

नागपूर,
रविवार, १ फेब्रुवारी

श्री. माणिकराव यांस,
रुख्मिणीचा जयभीम. वि. वि.

काल तुम्ही शाळेत शिकवायला गेलेले असताना, आत्याबाईंना न विचारता मी निघाले. इथे पोचले तर आई म्हणाली की बाबा पहाटेच मला आणायला रिठदला गेले. अखेर त्यांचं मन वळलं, आणि मला एक दिवस धीर धरवला नाही! आमच्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील.

आम्ही हरलो. बेबीला एकटीनं धावायची सवय लागलेली. एकाच चेंडूवर दोघी धावलो आणि रॅकेटवर रॅकेट आपटली. दुसऱ्या डावात सूर लागला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर बाबांची खुर्ची रिकामीच होती. ज्यांनी हे कोर्ट सारवलं त्यांनीच तेवढं पाहिलं नाही, आणि तेही माझ्यामुळे.

आत्याबाई आता मला घरात घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मला घर हवं आहे हो. मी येऊ का? दोन ओळी लिहा, नाहीतर मी काय समजायचं ते समजेन.
तुमचीच,
रुख्मिणी

रिठद,
रविवार, १ फेब्रुवारी

सौ. रुख्मिणीस,
जयभीम. वि. वि.

हे पत्र तुझ्या बाबांच्या हातीच देतो आहे. ते स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून लिहितो.

काल दुपारी ते आले, तेव्हा आई आगपाखड करत होती. पळून गेलेल्या सुनेला हे दार बंद, असं तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते ओट्यावर बसले. पोरीसाठी दार उघडं हाये हे ऐकल्याबिगर उठत नाही, म्हणाले. आज पहाटेची गाडी धरली असती तर ते सामन्याला पोचले असते. मी तसं म्हणालो. ते रात्रभर ओट्यावरच बसून राहिले.

सकाळपासून सारा गाव येता-जाता त्यांना पाहत होता. कोणी विचारलं की सांगत, मी रुख्मीचा मुराळी, मले यायले उशीर झाला, पोरगी पुढं गेली. दुपारी आईनं स्वतः तांब्या भरून पुढे ठेवला. ते पाणी प्याले. आता आई शेजारणीला सांगते आहे की आमची सून काही अशीतशी गेली नाही, तिचा मुराळी आला होता. तेव्हा मनात काही आणू नकोस. मी पुढच्या रविवारी न्यायला येतो. सामन्यात काय झालं, हे आईनं दोनदा विचारलं.

चार वाजायला आले तेव्हा बाबांनी माझं घड्याळ मागून घेतलं. मांडीवर ठेवून ते पाहत बसले. दिवेलागण झाल्यावर परत दिलं.
तुझा,
माणिक