दाराबाहेरची पंधरा मिनिटं

डॉक्टरसाहेब, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात त्याला एकोणतीस वर्षं झाली आणि मी आज पेन हातात घेतोय. तुम्ही असताना तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तुम्ही गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. मला एवढ्यातेवढ्याची काळजी वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे. दवाखाना बंद करून घरी जाताना मी कुलूप तीनदा ओढून बघायचो आणि तुम्ही वैतागून म्हणायचात, "अरे, तुटेल ते!" अजूनही तसंच आहे. आता कुलपाऐवजी मुलीच्या घरातली गॅसची बटणं बघतो, एवढाच फरक. पत्नी गेल्यावर मुलीनं इकडे अमेरिकेत आणलं. शिकागोला असतो. ती आणि जावई सकाळी कामावर जातात, आणि मी बसनं डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात जाऊन बसतो. मालकीणबाई नागपूरच्या आहेत, मी त्यांना वहिनी म्हणतो. मी मेथी निवडतो, डाळीच्या पिशव्या भरतो, मागच्या भागात बसून असतो. दिवस बरा जातो. तक्रार नाही.

ज्यासाठी लिहितोय ते आता सांगतो. त्याची सुरुवात तुमच्याकडे आहे. पेनिसिलिन टोचल्यावर पेशंटला बाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटं बसवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, हा तुमचा नियम. काचेची सिरिंज उकळणं, सुया दगडावर घासून धार लावणं, पातेल्यातून चिमट्यानं काढणं, हे सगळं मला तुम्ही शिकवलंत. सातवी नापास माणसाला एवढं कोण शिकवतं? पण त्या दिवशी तो शेतकरी म्हणाला, माझी एसटी सुटेल, आणि मी त्याला पाचव्या मिनिटाला सोडला. रिॲक्शन येऊन तो स्टँडवर कोसळला. तुम्ही अनवाणी धावत गेलात, तो वाचला. परत आलात तेव्हा पायाला काच लागून रक्त येत होतं आणि मी तुमच्या पायाकडेच बघत उभा होतो. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही सिरिंजचा डबा बंद केलात आणि म्हणालात, "टोचायला कुणीही टोचेल. टोचल्यावर बसून राहायला धीर लागतो. तो तुझ्यात नाही. यापुढे सुईला हात लावायचा नाही." मी शब्द दिला. पुढची अठरा वर्षं, तुम्ही असेपर्यंत, मी पुड्या बांधल्या, मिक्श्चरच्या बाटल्यांना डोसाच्या पट्ट्या चिकटवल्या, सुईला हात लावला नाही. तुम्ही तो शब्द कधी परत घेतला नाहीत, आणि मीही मागितला नाही.

गेल्या हिवाळ्यात दुकानाच्या मागच्या संडासातून एक माणूस बाहेर आला. उंच, पन्नाशीचा, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला. पूर्वी घरांची छपरं बसवायचा, एकदा वरून पडला आणि पाठ गेली, हे मला नंतर कळलं. त्याच्या खिशातून सिरिंजचं टोपण पडलं. मी ते ओळखणार नाही तर कोण? आपल्याकडे घरटी एकाला शुगर असतेच, म्हणून मी विचारलं, "शुगर?" तो म्हणाला, "येस. शुगर." झालं! मी त्याला तांदळाच्या पोत्यावर बसवलं. इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नसतं, म्हणून माझ्या डब्यातली पोळीभाजी दिली. "सिट. फिफ्टीन मिनिट," असं बजावलं. आंबा खाऊ नकोस, भात कमी कर, हेही सांगितलं. तो पेंगत पेंगत मान हलवायचा. असा तो महिनाभर मंगळवारी आणि शुक्रवारी येत होता, आणि मी खूश होतो. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझं ऐकून पंधरा मिनिटं बसत होतं.

एक दिवस वहिनींनी मला बाजूला घेतलं. "काका, तुम्हाला खरंच समजत नाही का हो? त्याला कुठली आली शुगर! गर्दुल्ला आहे तो, नशेचं टोचतो. अन् तुम्ही त्याला भेंडीची भाजी चारून राहिले!" पुढच्या वेळी त्याला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, खोटं का बोललास? तो जे बोलला त्याचा अर्थ असा, की डॉक, आजवर लोकांनी मला खूप नावं ठेवली, तुम्ही पहिल्यांदा एक चांगला रोग दिलात, तो परत कसा करणार? तो मला डॉकच म्हणतो. मी डॉक्टर नाही, कंपाउंडर, असं शंभर वेळा सांगितलं, पण कंपाउंडर म्हणजे काय हे इथे कुणाला समजावणार! त्या दिवशी मात्र मी त्याला, पुन्हा येऊ नकोस, असं म्हणालो. तो गेला.

पुढचे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. येऊ नको म्हटल्यानं तो टोचणं थोडंच थांबवणार होता? फक्त माझ्यासमोर टोचणं थांबलं. आता पेट्रोल पंपाच्या संडासात आतून कडी लावून टोचत असेल. दारावर टकटक करणारं तिथे कुणी नाही. मला सारखा तो एसटी स्टँड दिसायचा. शेवटी तो बस स्टॉपवर दिसला तेव्हा मीच जाऊन सांगितलं, ये, पण कडी लावायची नाही, मी दर दोन मिनिटांनी टकटक करणार, आणि नंतर पंधरा मिनिटं पोत्यावर बसायचं. तो म्हणाला, "आणि जेवण?" मी म्हटलं, जेवण मिळेल, पण आंब्याचं बंधन काढलंय. वहिनींना हे सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, माझ्या दुकानाचा पार दवाखानाच करून टाकला तुम्ही!" पण नाही म्हणाल्या नाहीत.

दर मंगळवारी जवळच्या पार्किंगमध्ये एक गाडी येते. तिच्यातली बाई वापरलेल्या सुया घेते आणि नव्या देते, कुणाला नाव विचारत नाही. तोच मला तिच्याकडे घेऊन गेला. तिनं सांगितलं की कॅनडात एक जागा आहे, तिथे हे लोक आपापलं घेऊन येतात, स्वच्छ टेबलाशी बसतात आणि नर्स लक्ष ठेवते. तिथे कुणाचा श्वास मंदावला तर लगेच कळतं. इथल्या कायद्यात तशी जागा बसत नाही. मी तिला म्हटलं, आमच्या डॉक्टरांकडे बाक होता. ती हसली, पण तिला समजलं असावं. तुम्हीही हातभट्टीची पिऊन आलेल्याला आधी तपासायचात आणि शिव्या नंतर द्यायचात. मग तिनं एक कुपी आणि सिरिंज माझ्यापुढे धरली. गर्दनं श्वास थांबला तर हे औषध स्नायूत टोचायचं, माणूस परत येतो. मी हात मागे घेतला. म्हटलं, मी शब्द दिलाय. तिला वाटलं मी घाबरलो, म्हणून तिनं संत्रं काढून त्यावर टोचून दाखवलं. तुम्ही मला बटाट्यावर शिकवलं होतंत. ती कुपी मी घेतली, डॉक्टरसाहेब. वापरायची नाही, नुसती जवळ ठेवायची, अशी मनाची समजूत घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दिवसातून दहा वेळा चाचपून बघायचो.

गेल्या महिन्यातल्या शुक्रवारी दुपारी मी टकटक केली आणि आतून उत्तर आलं नाही. पुन्हा केली. दार ढकललं तर तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे. मी वहिनींना ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. त्याला आडवा केला, हनुवटी वर उचलली, तोंडानं श्वास दिला. मग कुपी काढली, औषध ओढलं, हवा काढली आणि पँटवरूनच मांडीत टोचलं. चहाचा कप धरताना माझा हात थरथरतो, बशीत सांडतं, मुलगी रागावते. तेव्हा हात हलला नाही. टोचून झाल्यावर मी त्याला श्वास देत राहिलो आणि मधेमधे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं की तीन, कोण जाणे. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि मला अशी एक शिवी दिली की तुमच्यासमोर लिहिता येत नाही. त्या बाईनं बजावलं होतं की औषधाचा असर गर्दच्या आधी उतरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून सोडून जायचं नाही. तो उठायला बघत होता, आपण ठणठणीत आहोत म्हणत होता. मी त्याचा शर्ट धरून फरशीवर बसलो. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी माझी बोटं सोडवली तेव्हाच उठलो.

संध्याकाळी वहिनी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे आल्या. मला वाटलं, आता मोठं कुलूप लागणार. त्यांनी आतली कडीच उखडून काढली. "सांगा त्याला," म्हणाल्या, "मरायचं असेल तर दुसरं दुकान शोध म्हणावं. माझ्याकडे मरायची परवानगी नाही." मग तिथेच डाळीच्या पिशव्यांमध्ये बसून रडल्या. पुढच्या मंगळवारी तो आला. मांडी दुखतेय, डॉक, तुमचा हात फार जड आहे, अशी त्याची तक्रार. मी म्हटलं, हात सत्तेचाळीस वर्षांनी चालवलाय, चालवून घे. गर्दचं व्यसन सुटलेलं नाही. सोडायचं म्हणतो, एका दवाखान्यात नाव घातलंय, नंबर यायचाय. तोवर तो येतो आणि मी दाराबाहेर बसतो. खरं सांगू, मी सुखात आहे. झोपही लागते.

हे पत्र मी टाकणार नाही, टाकणार तरी कुठे? घडी घालून स्वेटरांच्या खाली ठेवीन, मुलीच्या हाती लागू नये म्हणून. पण एक कबूल करायचं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की कधी सुई हातात घेतलीच, तर मागून तुमचा आवाज येईल. त्या शुक्रवारी तुमची आठवणसुद्धा आली नाही. शब्द मोडला हे ॲम्ब्युलन्स गेल्यावर, हात धुताना लक्षात आलं. विसरलो याचंच जास्त वाईट वाटतं. त्या बाईनं मला नवी कुपी दिली आहे आणि परवा मंगळवार आहे. यापुढे सुईला हात लावू का? तुमचा नकार आला तरी मी बसणारच आहे, पण होकार आला तर जरा निवांत बसेन. दोन ओळी पुरतील. लवकर कळवा.