कोर्बेलाशांची नावं घेताना

स्टोनिका,
संत निकोलाचा सण

प्रिय नेडा,

फोन आपटलास ते एका परीनं बरंच झालं. फोनवर मला धड बोलता येत नाही. मी ओरडते, आणि मी ओरडले की तू माझ्या वरचढ ओरडतेस. इथं निदान मला मधेच कुणी तोडणार नाही. तेव्हा खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात चुरगळून टाकलंस तर तुला आईची शपथ आहे.

मी एवढंच म्हटलं होतं, की रोकोला काही दिवस पाण्यात उतरू देऊ नकोस. त्यावर तू म्हणालीस, "दिंका, तुझी समुद्राची भुतं तुझ्या बेटावरच ठेव. माझा मुलगा छपराखालच्या तलावात वॉटरपोलो खेळतो, समुद्रात नाही. आणि तो कोर्बेलाशही नाही. लेनात्स आहे तो, लेनात्स!" ही दोन्ही उत्तरं मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला स्वतःलाच ती पटली असती. आता नाही पटत, आणि म्हणूनच मला भीती वाटते आहे. साधीसुधी नाही. भांडं घासताना हातातून निसटतं, अशी.

आपल्या नावाचा आपल्याला केवढा तोरा होता, आठवतं? कोर्बेलाश जगात फक्त स्टोनिकात. शेजारच्या खाडीत नाही, समोरच्या बेटावर नाही, स्प्लिटच्या टेलिफोनच्या पुस्तकात तर औषधालाही नाही. बाबांच्या मते मूळपुरुष व्हेनिसच्या जहाजांना लाकडी फासळ्या बसवणारा सुतार. पाद्री फ्रानेंना हे मुळीच मान्य नसे. देवाचा माणूस, पण दोन प्याले पोटात गेले की म्हणायचे, "सुतार कसला! समुद्रावरचा लुटारू, चाचा होता चाचा. देवळाची घंटा चोरून पळाला, वाटेत होडी बुडायला लागली तेव्हा घंटा समुद्रात ढकलून स्वतः वाचला. तेव्हापासून समुद्र तुमच्यावर डूख धरून आहे." बाबा चिडायचे. आपण मुलं हसायचो, आणि अंथरुणात शिरल्यावर पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. कारण आपल्या घराण्यातली माणसं बुडून मरतात हे काही पाद्री फ्रानेंनी दारूच्या भरात रचलेलं नव्हतं. आजोबांचा भाऊ गेला, बाबांचे दोन चुलतभाऊ गेले, पिएरिना आत्या तर गुडघाभर पाण्यात गालिचा धुताना गेली. मच्छीमारांच्या गावात राहून एकाही कोर्बेलाशाला पोहता येत नव्हतं. शिकूच देत नसत.

आणि मग तो पाव. तू त्याला जादूटोणा म्हणतेस, पण लहानपणी तूच आईच्या झग्याला धरून धक्क्यावर पुढे पुढे धावायचीस. संत निकोलाच्या आदल्या संध्याकाळी घराण्यातल्या सगळ्यांत वडील बाईनं धक्क्याच्या टोकाशी उभं राहायचं, जिवंत असलेल्या एकेका कोर्बेलाशाचं नाव घ्यायचं आणि पावाचा एकेक तुकडा पाण्यात टाकायचा. हा घे आणि माणूस सोड. जो नाव बदलेल तो त्यातून सुटला. पोरगी लग्न होऊन गेली की तिचं नाव घ्यायचं नाही, कशाला उगाच समुद्राला आठवण करून द्या! घरजावई झालेल्याची एरवी सगळं गाव टिंगल करतं, पण झ्वाने काकानं बायकोचं आडनाव लावलं तेव्हा बाबांनी स्वतः पिंप फोडून त्याला वाईन पाजली होती. "सुटलास रे बाबा," म्हणून मिठी मारली होती. तुझं लग्न झालं त्या वर्षी आईनं पावाचा तुकडा हातात घेतला, तुझं नाव ओठांवर आलं, आणि तिनं तो परत टोपलीत टाकला. रडली आणि हसली. घरी आल्यावर तो तुकडा तिनं लोणी लावून खाल्ला. मी तेव्हा तुझा हेवा केला होता, खोटं कशाला सांगू?

आपला एकुलता भाऊ बार्तुल गेला तेव्हा तू आलीसच होतीस, पण त्या गर्दीत तुला सगळं सांगायला जमलं नाही. दक्षिणेचा वारा सुटला होता. होडीचा दोर सुटला म्हणून तो धक्क्यावरून खाली उतरला. तिथं पाणी छातीपर्यंतसुद्धा येत नाही. मी वरून ओरडत होते, "जाऊ दे ती होडी, गाढवा!" त्यानं माझ्याकडे पाहून हात केला आणि तो तसाच आडवा झाला. धडपड नाही, हाक नाही. तासाभरात दुकानाजवळच्या फळ्यावर त्याच्या फोटोची काळ्या चौकटीची चिठ्ठी लागली, आणि फळ्यासमोर उभं राहून सगळं गाव एकच म्हणत होतं, समुद्रानं आणखी एक कोर्बेलाश नेला. मीही तेच म्हणत होते. फक्त ती नवी डॉक्टरीण गप्प होती. स्लाव्होनियाची आहे ती, मक्याच्या शेतात वाढलेली, आपल्या घंटेबिंटेची गोष्ट तिनं कधी ऐकलेली नाही. माती दिल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. "दिंकाबाई, तुमच्या भावाच्या फुप्फुसात पाणी नव्हतं. तो बुडाला नाही. त्याआधीच गेला." मी तिला म्हटलं, पोरी, तू अजून लहान आहेस. तिनं वाद घातला नाही. पण त्यानंतर बाजारात दिसली की विचारायची, आणखी कोण कोण कसं गेलं म्हणून. मला राग यायचा. मेलेल्यांची चौकशी कसली करते ही!

मग ऑक्टोबरात एस्तेबान आला. चिलीहून. बोटीतून उतरला तो थेट दुकानात शिरला आणि म्हणाला, "मी एस्तेबान कोर्बेलाश. इथं कोर्बेलाश कोण आहे?" दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सहा फुटी, सावळा, आणि बोलतो मात्र आपल्या नोना आजीसारखं. तिचेच शब्द, जे आता इथं कुणी वापरत नाही. त्याचा पणजोबा द्राक्षांवर रोग पडला तेव्हा इथून गेला आणि तिकडं वाळवंटाच्या कडेला एका बंदरात राहिला. तिथं म्हणे आपल्या नावाची इथल्यापेक्षा जास्त घरं आहेत. मला इतका आनंद झाला की मी त्याला हाताला धरून गावभर मिरवलं. सुतार की चाचा यावर पाद्री फ्रानेंशी त्याची जुंपली. बार्तुलच्या खोलीत त्याला झोपवलं. घरात पुन्हा पुरुषाचे बूट दिसायला लागले, बरं वाटायचं.

एके दिवशी मासे आणि चार्डाची पालेभाजी जेवताना मी त्याला पावाची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, हसेल. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "आत्या, माझे दोन काकाही पाण्यातच गेले. पण आमच्याकडे समुद्रात कुणी जात नाही, पाणी बर्फासारखं असतं. ते कारखान्याच्या पोहायच्या तलावात गेले. एक शर्यतीत, दुसरा नुसती उडी मारल्यावर."

नेडा, तलावात. गोड्या पाण्यात, भिंतींच्या आत. समुद्राचा त्यात काय संबंध? तुझं पहिलं उत्तर तिथंच गळून पडलं. मी त्याला तसंच, जेवणावरून उठवून, डॉक्टरणीकडे नेलं. ती ऐकत होती आणि विचारत होती, आणि अचानक म्हणाली, "नाव बदललेल्यांचं काय झालं? त्यांच्यातलं कुणी असं अचानक गेलं का?" मी ठसक्यात म्हटलं, नाही, ते सुटले. आणि म्हणता म्हणता मला झ्वाने काकाचा ब्रांको आठवला.

ब्रांकोला आपण कधी धरलंच नव्हतं. झादारला फुटबॉल खेळताना मैदानावर पडला, लग्न ठरलं होतं बिचाऱ्याचं. आपण सगळे गेलो होतो, रडलो होतो. पण तो पाण्यात गेला नव्हता आणि कोर्बेलाश नव्हता, म्हणून तो आपल्या यादीतला मेलेला नव्हताच. आईनं त्याच्या नावानं मेणबत्ती लावली ती परक्याच्या मुलासाठी लावावी तशी. पिढ्यान् पिढ्या आपण धक्क्यावर उभं राहून नावं घेत आलो आणि ज्यांची नावं गळली त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सुटले म्हणत राहिलो. कितीक मुली अशा लग्न करून गेल्या असतील, त्यांची मुलं कुठं कशी गेली, कोण जाणे.

डॉक्टरीण म्हणते, आपल्या घराण्याच्या हृदयाच्या ठोक्यात खोट आहे. एरवी काही कळत नाही, माणूस डोंगर चढतो, द्राक्षं तोडतो, नाचतो. पण थंड पाण्यात शिरलं, जीव तोडून धावलं, की ठोका चुकतो आणि सगळं थांबतं. आईकडून येतं, बापाकडून येतं. आडनाव विचारत नाही. एकाच आईची मुलं असली तरी एकाला असतं, एकाला नसतं. छातीला तारा लावून बघितलं की बहुतेकदा कळतं. आणि गोळ्या आहेत, नेडा. रोज घ्यायच्या साध्या गोळ्या. हे तिनं सांगितलं तेव्हा मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. पिएरिना आत्यासाठी, बार्तुलसाठी, त्या टोपलीभर पावासाठी.

काल संध्याकाळी मी ठरवलं होतं, जायचं नाही. समुद्राचा काही गुन्हा नाही हे कळल्यावर त्याला पाव कशाला चारायचा? पण आईच्या माघारी वडील बाई मीच, गाव धक्क्यावर वाट बघत होतं आणि मला घरात बसवेना. गेले. उरलेल्या कोर्बेलाशांची नावं घेतली, मोजकेच राहिलो आहोत आता. एस्तेबानचं घेतलं. मग मी थांबले नाही. ब्रांकोच्या बहिणीचं घेतलं, तिच्या मुलांची घेतली. मग तुझं, लग्नानंतर पहिल्यांदाच. मागून लुचा कुजबुजली, "अगं बाई, ही काय करते? नेडा तर सुटली होती ना?" मी वळून म्हटलं, कुणी सुटलेलं नाही. आणि रोकोचं नाव घेतलं. तोंडातून नीट फुटेना, दोनदा घ्यावं लागलं. तो तुकडा पाण्यात टाकवला नाही मला, नेडा. अजून एप्रनच्या खिशात आहे.

आता, जे फोनवर बोलताच आलं नाही ते. एस्तेबान आणि मी गेल्या आठवड्यात स्प्लिटला जाऊन छातीला तारा लावून आलो. तो सुटला. मला आहे. म्हणजे ते बाबांकडून आपल्या घरात आलेलं आहे, बार्तुलला होतं, मला आहे, आणि उरलीस तू. तू लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हसत हसत सांगितलं होतंस, की पोहायला शिकताना तू पाण्यात बेशुद्ध पडलीस आणि नवऱ्यानं तुला केसांना धरून बाहेर काढलं. लग्नाची वाईन अजून उतरली नसेल म्हणून आपण पोट धरून हसलो होतो. मला कालपासून दुसरं काही दिसत नाहीये. फोन तू उचलत नाहीस, टपालाला दिवस लागतील आणि मी स्वतः यायला निघाले तर डॉक्टरीण बोटीवर पाय ठेवू देत नाही, म्हणून एस्तेबानच्या हाती हे पाठवते आहे. तो तुझ्या दारात उभा असेल. शनिवारच्या सामन्याआधी पोचतो म्हणाला आहे. त्याला नंतर कॉफी दे, नंतर भांड, नंतर मला वेडी म्हण. आत्ता कोट घाल, त्याला बरोबर घे आणि तलावावर जा. रोको सगळ्यांसमोर लाजेल, चिडेल, तुझ्याशी आठवडाभर बोलणार नाही. चालेल. आधी त्याला पाण्याबाहेर काढ.

तुझीच, आणि तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
दिंका